कुंपणवालीची तिसरी खेप

“बाकी काय हवं ते कर, पण कुंपणापाशी मीठ टाकू नकोस,” असं बर्निस हॉगननं आसावरीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घराची किल्ली हातात देता देता बजावलं होतं. पण त्याआधी तिनं अस्वलांचा विषय काढला, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

बर्निसच्या सूचना तीन होत्या. पहिली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा नाही, अस्वलं येतात. दुसरी, कुरणाचं फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं आणि बंद दिसलं तर बंद. तिसरी मिठाची. “पायऱ्यांवर बर्फ धरला तर राख टाक, वाळू टाक. मीठ नको. त्याच्यासाठी कुठकुठली जनावरं येतात.” आता नऊ महिन्यांचं मूल कडेवर घेतलेल्या बाईला पहिल्याच वाक्यात अस्वल ऐकवल्यावर तिसऱ्या वाक्यातलं मीठ तिच्या कानापर्यंत पोचणार कसं? आसावरीनं मान डोलावली आणि विचारलं, “ही अस्वलं साधारण किती वाजता येतात?”

ही गोष्ट २००५च्या ऑक्टोबरमधली. आसावरी नागपूरची, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. नवरा श्रीरंग पुण्याचा, डॉक्टर. ह्यूस्टनमध्ये त्याचं शिक्षण संपलं तेव्हा व्हिसाच्या नियमानं त्याच्यापुढे एकच वाट होती: जिथे दुसरा कुठला डॉक्टर जायला तयार नाही अशा गावात तीन वर्षं काढायची. त्याच्या वाट्याला मोंटानातलं एल्क फोर्क आलं. यलोस्टोन पार्कच्या पश्चिमेला, वस्ती तीनशे बारा. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये ऑक्टोबरातही एसी लावून झोपणारी ही मंडळी इथे उतरली तेव्हा गावात बर्फ पडून वितळून पुन्हा पडलेला होता.

घर बर्निसच्या रँचच्या टोकाला होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी लाकडी कुंपण दिसे, त्यापलीकडे बर्निसचं कुरण, मग नदी, आणि नदीपलीकडे पार्कचं जंगल. बर्निस चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. तिच्या साठ गाई हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात भावाकडे असत आणि जूनमध्ये ट्रकनं वर येत. आसावरीच्या लेकीसाठी, इलासाठी, ती पहिल्याच आठवड्यात ‘बर्निसआजी’ झाली. आजीला शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “ठीक आहे, पण मी लाड करत नाही.” दुसऱ्या दिवशी दालचिनीचे रोल घेऊन हजर.

आसावरीचा दिवस खिडकीत जायचा. फ्रिजवर एक वही दोऱ्यानं बांधलेली होती. इला किती वाजता प्यायली, किती प्यायली, झोपली कधी, शिंकली किती वेळा, सगळं त्यात. श्रीरंग म्हणायचा, “ह्यूस्टनच्या आयसीयूतल्या पेशंटचासुद्धा एवढा चार्ट नसतो गं.”

“म्हणून तर ते आयसीयूत असतात,” ती म्हणायची.

गावात इला भलतीच लाडकी झाली. पोस्टमन थांबून तिच्या पापण्यांचं कौतुक करायचा. दुकानातली कॅशियर तर रांग खोळंबली तरी तिला सोडायची नाही. आणि ज्या दिवशी जास्त कौतुक, त्या दिवशी पोरगी रात्रभर किरकिर करायची. आसावरीनं वहीतून हा संबंध शोधून काढला आणि फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला.

“दृष्ट काढतेस की नाही?” सुलभाताईंनी पहिलाच प्रश्न केला.

“आई, मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय.”

“मग तुझे ते जंतू मिठाला घाबरत नाहीत का?”

आसावरीनं फळीवरच्या लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. मिठामुळेच ते टिकलं होतं.

पहिली दृष्ट काढली ती रीतसर. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. ओवाळून झाल्यावर तव्यावर. तीन सेकंदांत घरातले दोन्ही स्मोक अलार्म बोंबलू लागले. श्रीरंग खोकत खोकत खुर्चीवर चढून अलार्मला टॉवेलनं वारा घालतोय, इला रडतेय, बाहेर शून्याखाली वीस आणि घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या! “दृष्ट फार जबरदस्त होती,” आसावरी म्हणाली. “पुढच्या वेळी मला आधी सांग, मी क्लिनिकमध्येच झोपतो,” श्रीरंग म्हणाला.

मग तिनं सोपी पद्धत काढली. मिरच्या रद्द, तवा रद्द. संध्याकाळी दिवा लावला की मूठभर मीठ-मोहरी घ्यायची, इलावरून ओवाळायची, “आल्याची, गेल्याची, पोस्टमनची, कॅशियरची” असं म्हणायचं आणि मागच्या दारातून हात बाहेर काढून कुंपणापलीकडे भिरकावायचं. दार लगेच बंद. हिशेबात अस्वल होतंच.

बारीक मिठानं तिचं समाधान होईना. आईकडे दृष्टीला जाडं मीठ असायचं. ते अख्ख्या गावात एकाच ठिकाणी मिळालं, पशुखाद्याच्या दुकानात, पन्नास पौंडांच्या गोणीत. दुकानदारानं गोणी गाडीत ठेवता ठेवता विचारलं, “गाईंना की घोड्यांना?”

“मुलीला,” आसावरी म्हणाली.

दुकानदारानं टोपी मागे सारून इलाकडे नीट पाहून घेतलं. तोही पुढे “आल्याची, गेल्याची”त सामील झाला.

असा हिवाळा गेला. इला झोपायला लागली, एक दात आला, दोन आले. मूठ मूठ करत गोणी अर्ध्यावर आली. आणि एप्रिलमध्ये बर्फ ओसरू लागल्यावर एका सकाळी कुंपणाशी बायसनची मादी उभी होती.

आसावरीनं आयुष्यात एवढं डोकं पाहिलं नव्हतं. एखाद्या म्हशीनं घोंगडं पांघरावं आणि मग त्यातच आयुष्य काढावं तसं ते ध्यान. डावं शिंग अर्धं तुटलेलं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. ती मान खाली घालून जमीन चाटत होती, जीभ खरखर वाजत होती. इला काचेवर दोन्ही पंजे आपटून ओरडली, “हम्मा!”

आसावरीनं पोट पाहिलं आणि लगेच ओळखलं. “दिवस भरत आलेत गं तुझे,” ती काचेतूनच म्हणाली. त्या दिवसापासून वहीत नवीन रकाना पडला: कुंपणवाली. सकाळी सात दहा. संध्याकाळी पावणेसहा. चाटणं चालू. दमलेली वाटते.

तिकडे बर्निसचं धाबं दणाणलं. बायसन पार्कमध्ये असली तर देशाची शान. नदी ओलांडून कुरणात आली की रँचवाल्यांच्या पोटात गोळा. कारण ब्रुसेला नावाचा जंतू. कळपातल्या काही बायसन तो बाळगून असतात, आणि व्यायलेल्या किंवा गाभडलेल्या मादीची वार जिथे पडेल तिथलं गवत गाईंनी हुंगलं तर त्यांनाही लागण होऊ शकते. गाई गाभडतात. एका गाईत जरी सापडला तरी त्या काळी कळपच्या कळप संपवायचे. आसावरीला हे कुणी सांगायला नको होतं. तोंडी परीक्षेत तिला नेमका ब्रुसेलाच आला होता आणि ती न अडखळता बोलली होती. पण पुस्तकातला ब्रुसेला वेगळा, आणि बर्निसआजीच्या साठ गाई वेगळ्या.

पंधरा मेपर्यंत सगळ्या बायसन पार्कमध्ये परतल्या पाहिजेत असा नियम होता. ज्या परतत नसत त्यांना राज्याच्या पशुधन खात्याची माणसं घोड्यांवरून येऊन हाकलत. कुंपणवालीला त्यांनी एप्रिलअखेर हाकललं. घोडे, शिट्ट्या, दोराचे फटके, हुर्रर्र हुर्रर्र. ती नदीपार गेली. दोन दिवसांनी सकाळी सात दहाला परत कुंपणाशी! मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा हाकललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर होती की काय म्हणून आसावरी पहाटेपासून खिडकीत. नव्हती. तिला हायसं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही.

खात्याच्या साहेबांनी बर्निसला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, “आता तिसऱ्यांदा आली तर हाकलणार नाही. गोळी घालू. इथे व्याली तर तुझं कुरण गेलं म्हणून समज.” बर्निसच्या जमिनीवर बंदूक चालवायला बर्निसची परवानगी लागे. तिनं कागदावर सही करून दिली. “मला काय हौस आहे?” ती आसावरीला म्हणाली. “पण ती एक आहे, माझ्या साठ आहेत.”

एल्क फोर्कमध्ये बायसनच्या बाजूचे लोकही होते. देशभरातून आलेली तरणी पोरं जंगलाजवळच्या एका केबिनमध्ये राहत आणि रस्त्याच्या कडेला कॅमेरे, वॉकीटॉकी घेऊन पहारा देत. रँचवाले आणि ते, एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. त्यातली एक मुलगी एकदा आसावरीच्या दारात आली, बाथरूम वापरू का विचारायला. दार उघडल्यावर आतून पोह्यांच्या फोडणीचा वास आला आणि ती तिथेच थबकली.

“ओ माय गॉड. कांदेपोहे?”

ती रेणू. तेवीस वर्षांची, जन्म अमेरिकेतला, आणि घर कुठलं? शुगर लँड! वडील तेल कंपनीत इंजिनिअर. मेडिकलची सीट सोडून मुलगी बायसन मोजते म्हणून ते तिच्याशी फक्त ईमेलवर बोलत. दोन बशा पोहे रिचवल्यावर ती म्हणाली, “थँक यू, आसावरी आँटी.”

“आँटी कोणाला म्हणतेस गं? पाच वर्षांनी मोठी आहे फक्त.”

“सॉरी, आँटी.”

तेव्हापासून रेणूचा पहारा बहुतेक आसावरीच्या घरासमोरच पडू लागला, जेवणाच्या वेळेला.

बारा मेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कुंपणवाली आली. तिसरी खेप.

आसावरीनं पडदा ओढला. मोठी माणसंही संकटाला असा पडदा ओढतात. निदान ती तरी ओढायची. तासाभरात साहेबांचा ट्रक रस्त्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काम उरकायचं ठरलं. त्या संध्याकाळी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावची सभा आधीच लागलेली होती. आता सभेत दुसरा कुठला विषय निघणं शक्यच नव्हतं.

दुपारी आधी रेणू आली. डोळे लाल. “आँटी, इट्स अ ट्रॅप! त्यांनी तिथे सॉल्ट ठेवलंय. मी लेन्समधून बघितलं, ती चाटते. दे वाँट हर टु कम बॅक, म्हणजे शूट करता येईल. तुम्ही पूर्ण दिवस विंडोत असता. कोणी ठेवलं ते बघितलं ना? यू हॅव टु से इट, आज मीटिंगमध्ये, प्लीज.”

‘सॉल्ट’ हा शब्द ऐकूनही आसावरीच्या डोक्यात काही पेटलं नाही. तिच्या मनात सॉल्ट म्हणजे टेबलावरचं, आणि इलावरून उतरवलेलं ते मीठ. ते बाहेर पडलं की संपलं. दृष्टीचं मीठ मागे वळून बघायचं नसतं, आणि ती कधी बघतही नसे.

रेणू गेली आणि बर्निस आली, रबरी बूट आणि रागानं तांबडा चेहरा. “चल, तुला दाखवते त्या केबिनवाल्यांची करामत.” कुंपणवाली तेव्हा नदीकाठी सावलीत बसली होती. बर्निसनं आसावरीला कुंपणापाशी नेलं. पलीकडच्या बाजूला जमिनीत परातीएवढा खळगा पडला होता. चाटून चाटून माती गुळगुळीत झाली होती.

“मीठ टाकलंय मेल्यांनी,” बर्निस म्हणाली. “बायसनला इथे रुळवायचं आणि मग छातीवर हात मारून सांगायचं की ही तर त्यांचीच जमीन. आणि हे बघ, सोबत कसलं तरी तणसुद्धा आणलंय.”

खळग्याच्या कडेकडेनं इवलीइवली रोपं उगवली होती. प्रत्येकाला दोन गोल पानं, मध्ये खाच. आसावरी वाकली. एक पान खुडून तिनं चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

मोहरी.

फोडणीत लाखो वेळा तडतडलेली, साता समुद्रापलीकडून आलेली, अगदी घरची मोहरी. खळग्यापासून मागच्या दारापर्यंत तिची नजर गेली. बरोबर एका हाताच्या भिरकावण्याएवढं अंतर.

“तू तर दिवसभर खिडकीत असतेस,” बर्निस म्हणत होती. “काय पाहिलंस ते आज सांग. माझ्यासाठी सांग.”

“हो,” आसावरी म्हणाली. चुरगाळलेलं पान तिनं गुपचूप खिशात टाकलं.

श्रीरंग क्लिनिकमधून आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती, समोर अर्धी गोणी. तिनं सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग गोणीवरचं गाईचं चित्र पाहून आणखी हसला. मग उठून त्यानं मागच्या दाराची कडी लावली.

“हे बघ, आसा. काही बोलायचं नाही. आपण उद्या गुपचूप ती माती काढू, खडी टाकू, मिटलं.”

“उद्या सकाळी ती मेलेली असेल.”

“मला वाईट वाटतंय, खरंच. पण विचार कर. घर बर्निसचं. माझे अर्धे पेशंट रँचवाले. अजून अडीच वर्षं काढायचीत इथे. त्यांना कळलं की हा उद्योग डॉक्टरच्या बायकोचा, तर माझ्याकडे कोण येईल? नोकरी गेली की व्हिसा गेला. इलाला घेऊन कुठे जायचं?”

इलाचं नाव काढलं की आसावरी एरवी कुठलाही वाद सोडून द्यायची. त्या दिवशीही तिनं सोडला. वरण गरम केलं, इलाला भरवलं, वहीत लिहायला गेली. पावणेसहा वाजले होते. बाहेर कुंपणवाली आली होती. चाटून झाल्यावर ती कुंपणाला पाठ घासत उभी राहिली, चार पावलं चालली, पुन्हा उभी राहिली. शेपटी वर. आसावरीला स्वतःची ती चाल आठवली. ह्यूस्टनच्या इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये, भिंतीचा आधार घेत घेत.

“श्री, जॅकेट घाल,” ती म्हणाली. “सभेला जायचंय.”

“अगं, आत्ता तर...”

“नागपूरच्या बाईला गप्प बसवायचं असेल तर पुण्याहून जास्त माणसं आणायला हवी होतीस.”

शेडमध्ये आगीचा बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. डावीकडे रँचवाले, उजवीकडे केबिनवाले, मधून वाट. लग्नात वधूपक्ष-वरपक्ष बसावेत तसे, पण कुणीच कुणाला पेढा देणार नव्हतं. आसावरी इलाला घेऊन कुठे बसावं ते न कळून मधल्या वाटेत उभीच राहिली. पलीकडे रेणू बोलत होती, “आमिष! हे आमिष आहे!” अलीकडून एक दाढीवाला रँचर ओरडला, “टाकलंत तुम्ही आणि वर आम्हालाच म्हणता?”

बर्निस उठली. “एक मिनिट. डॉक्टरांची बायको रोज खिडकीत असते. तिनं पाहिलंय. बोल पोरी.”

“येस, आँटी, टेल देम!” रेणू म्हणाली.

दोन्ही बाजूंच्या माना वळल्या. आसावरीनं इलाला श्रीरंगच्या कडेवर दिलं.

“मीठ मी टाकलं,” ती म्हणाली. “ऑक्टोबरपासून. रोज एक मूठ.”

श्रीरंगच्या कडेवर इला त्याच्या जॅकेटची चेन वरखाली करत होती.

“का?” साहेबांनी विचारलं. त्यांच्या वहीत या उत्तरासाठी जागाच नव्हती बहुधा.

आता दृष्ट इंग्रजीत कशी सांगायची? आसावरीनं दोनदा प्रयत्न केला. लोकांच्या नजरेनं मूल आजारी पडतं म्हटल्यावर कॅशियरबाई दुखावल्या. शेवटी तिनं मूठ आवळली, पुढच्या खुर्चीवरच्या बर्निसपाशी गेली आणि तिच्या पिकल्या केसांवरून सरळ ओवाळायला लागली. “आल्याची, गेल्याची... मग हे असं लांब टाकायचं. आणि वळून बघायचं नाही. म्हणून मी कधी बघितलं नाही.”

कुणीतरी खुसखुसलं. मग पशुखाद्याचा दुकानदार मागून म्हणाला, “ती खरं सांगतेय. गोणी मीच विकली. मुलीसाठी म्हणाली होती.” मग मात्र दोन्ही बाजू हसल्या, बहुधा त्या वर्षात पहिल्यांदाच एका वेळी. दाढीवाल्याची नॉर्वेजियन आजी म्हणे बाळाचं कौतुक झालं की तीनदा थुंकायची. “त्यानं निदान बायसन तरी येत नाही,” तो म्हणाला.

बर्निस हसली नाही.

“मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तीन गोष्टी सांगितल्या. तीन.”

“हो. मी अस्वलातच अडकले. सॉरी, बर्निसआजी. घर सोडायला सांगितलंत तर सोडू. पण तिचा काही दोष नाही. तिला वाटलं इथे पोटाला मिळतंय. दिवस भरलेत तिचे, आज-उद्यात होईल. मीठ काढलं की ती येणार नाही. एकदा हाकला अजून. फक्त एकदा.”

“आणि रात्रीत इथेच व्याली तर?” दाढीवाला आता हसत नव्हता. “बर्निस, तुझ्या कुरणाला माझं लागून आहे. सही केलीस ती केलीस.”

“वेडेपणा करू नकोस,” आणखी एकजण म्हणाला. “या सगळ्यांना तीन वर्षांनी जायचंय. आपल्याला इथे राहायचंय.”

हे वाक्य आसावरीला लागलं, कारण ते खरं होतं.

बर्निस उठून साहेबांच्या टेबलाशी गेली, आपली सही असलेला कागद उचलला, घडी घातली आणि खिशात टाकला. “माझी जमीन आहे. उजाडल्यावर हाकला. चौथ्यांदा आली तर मी स्वतः बंदूक देईन.” दारात जाऊन ती वळली. “आणि तुम्ही दोघं फावडी घेऊन पाचला या. ती पोहे खाणारी पण.”

पहाटे पाचला बायसन कुरणाच्या दुसऱ्या टोकाला होती. एम.एस्सी., एम.डी. आणि मेडिकल सोडलेली रेणू असे तिघं फावड्यानं माती खरवडत होते आणि बर्निस ट्रकमध्ये बसून, इलाला मांडीवर घेऊन, “अजून खोल” म्हणत होती. फूटभर माती गेली, वर खडी पडली. मोहरीची रोपं गेली. सात वाजता घोडे आले. कुंपणवाली या वेळी फारशी पळली नाही. जड जड चालत नदीपर्यंत गेली, मध्यावर थांबली, आणि पलीकडे चढली.

आसावरीनं वहीत लिहिलं: सात चाळीस. गेली.

चौदा तारखेला ती आली नाही. पंधराला नाही. सोळाला आसावरीनं खिडकीत उभं राहून दोन वेळा दूध उतू घालवलं. सतराला रेणू धावत आली, दुर्बीण तिच्या हातात कोंबली आणि नदीपलीकडे बोट दाखवलं. तुटकं डावं शिंग. आणि पायांत, गाजराच्या रंगाचं, चार काटक्यांवर उभं राहायला शिकणारं एक पिल्लू. बर्निसला बोलावलं तर तिनं दुर्बिणीतून आधी नदीचा काठ पाहिला. मग म्हणाली, “पलीकडे आहे ना? मग छान आहे.”

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण जूनमध्ये बर्निसच्या गाई वर आल्या. वासरांवर मालकीचे डाग द्यायच्या दिवशी दरवर्षी आजूबाजूचे सगळे रँचवाले मदतीला येत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, अशी तिथली रीत. त्या वर्षी बर्निसनं नेहमीसारखं वीस माणसांचं जेवण केलं. कुणी आलं नाही. दुपारपर्यंत वाट पाहून तिनं श्रीरंगला हाक मारली. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या डॉक्टरनं त्या दिवशी सत्तावीस वासरांचे मागचे पाय धरले. आठ दिवस त्याला कमरेत वाकता येत नव्हतं. “पेशंट असे लाथा मारत नाहीत,” तो म्हणायचा. क्लिनिकमध्ये पेशंट मात्र येत राहिले. गावानं डॉक्टरला माफ केलं, त्याच्या बायकोला तर हसण्यावारी नेलं. सही मागे घेणाऱ्या बर्निसला नाही. पुढच्या वर्षीही कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही. ती एकदाही त्याबद्दल बोलली नाही. घरभाडं वाढवलं नाही, दालचिनीचे रोल थांबवले नाहीत.

२००८च्या ऑक्टोबरमध्ये तीन वर्षं भरली आणि ही मंडळी नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला आली. रेणू त्याच्या वर्षभर आधीच पुढच्या शिक्षणाला गेली होती. निघताना बर्निसनं इलाला कडेवर घेतलं आणि “मी लाड करत नाही” असं पुन्हा एकदा सांगितलं. दर रविवारी फोन करायचा ठरलं. पाच रविवार झाला. गेल्या तीन रविवारी तिकडे घंटा नुसती वाजते आहे. गावात कुणाला विचारावं तर ज्यांना विचारायचं ते तिच्या दारात जात नाहीत, हीच तर पंचाईत. आणि इलाला धाकटा भाऊ होतोय, आसावरीला विमान वर्ज्य.

म्हणून तिचं एक मागणं आहे, थेट तुमच्याकडे. तुमच्यातलं, अमेरिकेतल्या मराठी मंडळींतलं, कुणीतरी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नाहीतर नाताळात बर्फातलं यलोस्टोन बघायला जाईलच. व्हॅन भरून, थेपल्यांचे डबे घेऊन आपली माणसं कुठेही पोचतात. पश्चिमेच्या बाजूनं जात असाल तर एल्क फोर्कला वळा. अग्निशमन दलाच्या शेडवरून डावीकडे, चार मैल, हिरव्या छपराचं घर, नदीच्या अलीकडे. फाटक उघडं असेल तर उघडंच राहू द्या, बंद असेल तर आत आल्यावर पुन्हा बंद करा. दार वाजवा, जोरात, तिला ऐकू कमी येतं. चिमणीतून धूर येतोय का बघा, सरपण आत आणलंय का बघा. ती म्हणेल, मी ठीक आहे, मला कुणाची गरज नाही. तरी दहा मिनिटं बसा. आणि मग, कितीही वाजले असले तरी, आसावरीला फोन करून सांगा.